नऊ चकचकीत बोर्ड

१

सोमवारी सकाळी ओतिलियाच्या टेबलावर नऊ मेलेले बोर्ड येऊन पडले. सोबत इंजिनियर बार्रागानची चिठ्ठी होती: "कारण शुक्रवारपर्यंत हवं. तुम्हाला सापडलं नाही, तर माझ्याकडे एक तयार आहे."

ओतिलिया मासिआसच्या टेबलाला एल साल्तोच्या त्या कारखान्यात सगळे 'दवाखाना' म्हणायचे. बंद पडलेले, जळालेले, गिऱ्हाइकाने तोंडावर फेकलेले सर्किट बोर्ड शेवटी तिच्याकडेच यायचे. एकोणीस वर्षं ती हे काम करत होती. कॉफीचा पहिला कप संपेपर्यंत तिच्याशी बोलायचं नाही, हे साहेबलोकांनाही पाठ झालं होतं.

त्या दिवशी कॉफी तशीच निवून गेली. हे बोर्ड साधेसुधे नव्हते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या असतात ना, त्यांचे होते. तीन आठवड्यांत नऊ इस्पितळांतल्या नऊ पेट्या अचानक गार पडल्या होत्या. नऊही वेळा भोंगा वाजला, नर्स धावली, बाळ वाचलं. दहाव्या वेळीही नर्स जवळच असेल, असं लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं.

तिने पहिला बोर्ड मायक्रोस्कोपखाली सरकवला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "काय देखणं काम आहे!"

"तेच म्हणतोय मी." बार्रागान मागे येऊन उभा होता. हा माणूस पाय न वाजवता चालायचा. त्यामुळे तो कुणालाच आवडत नसे. "सोल्डरिंग बघा, एक नंबर. म्हणजे भट्टी ठीक, पेस्ट ठीक. उरलं काय? पार्ट बसवणारं मशीन. नऊच्या नऊ बोर्ड तीन नंबरच्या लाइनवरचे. नऊच्या नऊ सकाळच्या पाळीतले. तिथे मशीनवर कोण असतं?"

"यारेली."

"पोरगी काम लवकर उरकायला मशीनचा दाब वाढवते. पार्ट दाबला जातो, तडकतो, दोन महिन्यांनी मरतो. गुरुवारी पाच वाजता ती राजीनाम्यावर सही करेल. शुक्रवारी गिऱ्हाइकाची बाई मिनेसोटाहून येतेय. तिला सांगता येईल की दोष सापडला आणि काढून टाकला."

"तपासायच्या आधीच निकाल लावलात, इंजिनियर?"

"तुम्ही तपासा की. कोण अडवतंय?" तो आला तसाच बिनआवाजी निघून गेला.

ओतिलियाने नऊही बोर्ड तपासले. प्रत्येकावर एकाच जातीचा पार्ट मेला होता, तांदळाच्या दाण्याएवढा एक कपॅसिटर. तिने एक काढला, घासून त्याचं पोट उघडं केलं. आत केसाएवढी चीर होती. म्हणजे बार्रागानचं अर्धं म्हणणं खरं निघालं.

पण ती चीर भलत्याच ठिकाणी होती.

२

यारेली चोवीस वर्षांची होती आणि तिला रडायला वेळ नव्हता. तिचं मशीन चालू होतं. मशीनचं नळीसारखं नाक हवेने पार्ट ओढून घ्यायचं, बोर्डावरच्या ओल्या सोल्डर-पेस्टवर टेकवायचं आणि पुढच्याकडे वळायचं, सेकंदाला तीन.

"दाब बघा," तिने पडद्याकडे बोट केलं. "जून महिन्यापासून बदललेला नाही. बदलला तर इथे तारीख येते. इंजिनियर म्हणतात, तारीख पुसता येते. आता जे पुसलंच नाही, ते पुसलं नाही हे कसं दाखवू त्यांना?"

"नाक पार्टला कुठे शिवतं?"

"मधोमध. डोक्यावर."

"आणि जोरात आदळलं तर?"

"मधोमध खड्डा पडेल. का?"

ओतिलिया मशीनच्या नाकाचं टोक निरखत होती. तिला दिसलेली चीर पार्टच्या एका टोकाला होती, जिथे सोल्डर लागतं अगदी तिथे. डोक्यावर टपली मारली तर गुडघा फुटत नाही.

"राजीनाम्यावर 'कामात हयगय' असं लिहिणारेत," यारेली म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मग या पट्ट्यातला एकही कारखाना दारात उभं करणार नाही. पण ते एक असो. मला इथे मादरीनानं चिकटवलं. माझ्या बाप्तिस्म्याला मला हातात धरलं होतं तिनं. तिनं माझ्यासाठी शब्द टाकला होता, ओती. एकतीस वर्षांत तिनं कुणासाठीच टाकला नव्हता."

"तुझ्या वाइटावर कोण आहे?"

यारेलीने आधी मान हलवली. मग पुढच्या, पेस्ट वितळवून पार्ट पक्के करणाऱ्या भट्टीकडे पाहत म्हणाली, "भट्टीवरचा नाबोर. हे मशीन त्याला हवं होतं. मी जेवायला गेले की तो इथेच घुटमळतो. दोनदा पाहिलं मी. मला बघून काहीतरी कोटाखाली लपवलं त्यानं."

३

नाबोरकडे जाण्याआधी ओतिलिया यारेलीच्या मादरीनाकडे गेली, तेओदोराकडे; सगळे तिला मानाने 'दोन्या' म्हणायचे. काही अडलं की ती तिथेच जायची. त्रेसष्ट वर्षांची ही बाई तीन नंबर लाइनच्या शेवटी बसायची. भट्टीतून बाहेर आलेल्या बोर्डाला एक जाडजूड कनेक्टर हाताने सोल्डर करावा लागे, ते तिचं काम. ओतिलियाच्या हातात पहिलं सोल्डरिंग आयर्न दिलं ते तिनेच. तेव्हाचा तिचा धडा ओतिलियाला अजून आठवत होता: जॉइंटमध्ये आपलं तोंड दिसलं पाहिजे. राखाडी, खरबरीत दिसला तर तो कच्चा, पुन्हा तापव.

"आधी इकडे ये," तेओदोरा म्हणाली. "कोटाचं बटण लोंबतंय. दवाखान्यातली डॉक्टरीण अशी फिरते का?"

तिने खणातून बिस्किटांचा जुना डबा काढून टेबलावर ठेवला. तो धप्पकन वाजला. आतून सुई-दोरा काढला, झाकण लगेच लावलं, आणि पहिल्याच झटक्यात दोरा ओवला.

"अरे वा! गेल्या वर्षी मला हाक मारायचात ओवायला."

"ऑगस्टमध्ये दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले ना. आता इतकं लख्ख दिसतं की आरशात बघून दचकलेच. म्हटलं, ही थेरडी कोण?" ती हसली. मग हसू मावळलं. "घरात कोपऱ्याकोपऱ्यात जळमटं दिसायला लागली. आणि इथलं काम! पोरी, इतकी वर्षं मला दिसत नव्हतं तेच बरं होतं."

"यारेलीवर आळ आलाय."

"ठाऊक आहे." सुई क्षणभर थांबली. "तिच्याकडे बोट दाखवणाऱ्याला सांग, तिचा एकेक बोर्ड माझ्या डोळ्यांखालून जातो. खराब काम मी पुढे जाऊ देईन का? माझ्या हातून?"

"नाही जाऊ देणार," ओतिलिया म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

तेओदोराने दोरा दाताने तोडला. "मग त्या नाबोरचं मानगूट धर. भट्टीपाशी त्याचे काय उद्योग चालतात ते विचार त्याला. मला वास येतो."

४

नाबोरचं मानगूट धरावं लागलं नाही. बुधवारी दुपारी तो भट्टीच्या तोंडाशी वाकलेला असताना ओतिलिया मागे जाऊन उभी राहिली. बार्रागानकडून तिने एवढं तरी उचललं होतं.

"कोटाखाली काय आहे?"

नाबोर ताडकन उभा राहिला. कोटाखालून चांदीच्या कागदातलं पुडकं खाली पडलं आणि उसळ आणि चोरिसो सॉसेजचा घमघमाट सुटला.

"तोर्ता," तो खजील होऊन म्हणाला. "कँटीनच्या मायक्रोवेव्हला तीस जणांची रांग असते, डॉक्टरीणबाई. भट्टीच्या झाकणावर चार मिनिटांत पाव कसा कुरकुरीत होतो! आईशप्पथ, आत कधी घातला नाही. नुसता झाकणावर."

"यारेलीच्या मशीनपाशी का घुटमळतोस?"

"तिथून इंजिनियर येताना दिसतात. पाय वाजत नाहीत ना त्यांचे." पुडकं उचलून त्याने ते मायेनं झटकलं. "मशीन मला हवं होतं, हो. पण म्हणून मी बाळांच्या पेट्या बिघडवीन? मलाही दोन आहेत. शनिवारचं जादा काम असतं तेव्हा ते कनेक्टर मी जोडतो, दोन्या तेओ नसते म्हणून. माझं सोल्डरिंग बघितलंत तर हसाल, पण मन लावून करतो. तुम्ही साप साप म्हणून भुई धोपटताय. खरं बघायचं तर पट्टा बघा. इंजिनियरांनी भट्टीचा पट्टा पळवलाय, माल लवकर निघावा म्हणून. पार्ट नीट तापतच नाहीत."

ओतिलियाने भट्टीची नोंद पाहिली. पोराने खोटं सांगितलं नव्हतं. सप्टेंबरपासून पट्टा थोडा जोरात धावत होता. बार्रागानला यात अडकवता आलं असतं, आणि खरं सांगायचं तर तिच्या मनाला त्या विचाराने गुदगुल्याही झाल्या.

पण ते जुळेना. कमी तापलेला जॉइंट कसा दिसतो? मळका, दाणेदार, मेलेल्या डोळ्यासारखा. आणि तिच्याकडचे नऊ बोर्ड तर झगमगत होते.

ती दवाखान्यात परतली आणि पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली. मेलेल्या कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना सोल्डर आरशासारखं गुळगुळीत होतं. त्यात तिला स्वतःचा डोळा दिसला. सभोवती सोल्डर पसरायला मदत करणाऱ्या फ्लक्सची पिवळट कडा राहते, तीही कुणी पुसून घेतल्यासारखी गेली होती. असा जॉइंट आपण शेवटचा कधी पाहिला, हे ती आठवू लागली.

आठवलं तेव्हा तिने मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला आणि सरळ गोदामाकडे निघाली. असा जॉइंट तिने दोन वर्षांत पाहिला नव्हता.

५

दोन वर्षांपूर्वी कारखान्यातून शिसं हद्दपार झालं होतं. शिसं विषारी, म्हणून कायद्यानंच बंद. आरशासारख्या चमकणाऱ्या, शिसं मिसळलेल्या जुन्या सोल्डर-तारेची सगळी रिळं गोळा करून पाठवून दिली. नवीन सोल्डरमध्ये नुसतं कथील आणि चिमूटभर चांदी-तांबं. ते मजबूत असतं, पण दिसायला अगदीच मरतुकडं. उत्तमातला उत्तम जॉइंटही राखाडी आणि खरबरीत दिसतो. तो तसाच दिसायला हवा, हे शिकवायला तेव्हा खास वर्ग घेतले होते.

गोदामात पाठवणीच्या वाटेवर असलेले सहाशे बोर्ड तारखेप्रमाणे लावून ठेवले होते. ओतिलियाने मागच्या शुक्रवारचा ट्रे काढला आणि त्याच्या शेजारी शनिवारचा ठेवला. दोन्ही तीन नंबर लाइनचे. दोन्ही दिवशी मशीनवर यारेली, भट्टीवर नाबोर. पेस्टचा डबाही एकच. धावता पट्टाही तोच.

शनिवारचे सगळे बोर्ड राखाडी होते. नियमाप्रमाणे, जसे असावेत तसे. फक्त कनेक्टरचं सोल्डरिंग गबाळं होतं. नाबोरने खोटं सांगितलं नव्हतं, हसू आलंच.

शुक्रवारच्या बोर्डांवर कनेक्टर सुबक होता. आणि दहापैकी चार बोर्डांवर ते तांदळाएवढे कपॅसिटर चकचकत होते.

भट्टी असं निवडून काम करत नाही. तिला सगळे बोर्ड सारखेच. म्हणजे भट्टीतून बाहेर पडल्यावर कुणीतरी त्यांना हात लावला होता. ज्याच्या हाती आयर्न आहे आणि जुनी तार आहे अशा कुणीतरी, ज्याला राखाडी जॉइंट बघवत नाही. मशीन, पेस्ट, भट्टी, यारेली, नाबोर, सगळं दोन्ही दिवशी हजर होतं. शनिवारी फक्त एक माणूस नव्हतं.

ओतिलिया ट्रे मांडीवर घेऊन गोदामाच्या पायरीवर बसली. बिस्किटांच्या डब्यात बिस्किटं नसतात आणि सुई-दोरा धप्पकन वाजत नाही, हे तिला सोमवारीच कळायला हवं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

तिला एक सोपी वाटही दिसत होती. कपॅसिटर पुरवणारा लांब समुद्रापलीकडचा होता. माल मुळातच तडकलेला आला असं लिहून टाकलं, तर यारेली सुटली असती आणि कुणाचंच काही गेलं नसतं. पण बोर्ड पेट्यांमध्ये तसेच राहिले असते. ती वाट तिने तिथेच सोडली.

गुरुवारी दुपारी एकला तिने तेओदोराला निरोप धाडला: दवाखान्यात या, डबा घेऊन या.

६

तेओदोरा आली, पण डबा न घेता.

"डबा कशाला हवाय तुला? बटण पुन्हा तुटलं?"

ओतिलियाने तिला टेबलाजवळ बोलावलं. टेबलावर हॉट प्लेट तापत होती. आकडा दोनशेवर थांबल्यावर तिने दोन बोर्ड तिच्यावर शेजारी शेजारी ठेवले, शनिवारचा डावीकडे, शुक्रवारचा उजवीकडे.

"दोन्या तेओ, नवीन सोल्डर वितळायला दोनशे सतरा डिग्री लागतात. जुनं एकशे त्र्याऐंशीलाच पाणी होतं. हे तुम्हीच मला पाठ करायला लावलंत."

बोर्ड तापायला काही मिनिटं लागली. मग ओतिलियाने चिमट्याने शनिवारच्या बोर्डावरचा कपॅसिटर ढकलला. तो जागचा हलला नाही. तिने चिमटा उजवीकडे नेला. शुक्रवारच्या बोर्डावरचा कपॅसिटर नुसत्या स्पर्शाने घसरला, लोण्यावरून घसरावा तसा.

तेओदोराला समजावून सांगायची गरजच पडली नाही.

"शिसं," ती म्हणाली. मग खुर्ची ओढून बसली. "शेवटचं रीळ. गोळा करायला आले तेव्हा मी दिलं नाही. तीस वर्षं बोटांत धरलेली तार होती ती. वापरायची नव्हती, नुसती ठेवायची होती."

"मग काढली कशाला?"

"ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी कामावर आले, दिव्याखाली बोर्ड धरला आणि माझ्या छातीत धस्स झालं. सगळे जॉइंट कच्चे! राखाडी! एक नाही, दोन नाही, सगळ्या बोर्डांवर. म्हटलं, माझी पोर हे असलं काम करते? आणि मी तिच्यासाठी शब्द टाकला? जे फारच डोळ्यांना खुपले, ते सुधारले. रोज थोडे थोडे."

"ते कच्चे नव्हते, दोन्या तेओ. नवीन सोल्डर तसंच दिसतं. दोन वर्षांपूर्वी वर्ग झाला होता की. तुम्ही माझ्या शेजारी बसला होता."

"बसले होते. समोर पडद्यावर फोटो दाखवत होते. मला सगळं धुकं दिसत होतं. डोळे गेलेत हे कळलं तर आयर्न काढून घेतील, म्हणून कुणाला बोलले नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली."

"नंतर विचारायचं तरी."

"दुसऱ्या कुणाचं काम असतं ना, तर आरडाओरडा केला असता. बार्रागानच्या तोंडावर फेकलं असतं. मग कुणीतरी सांगितलंच असतं, म्हातारे, असंच असतं हे. पण पोरीचं होतं. चव्हाट्यावर कसं आणू? म्हणून गुपचूप..." तिने हाताने हवेतच आयर्न टेकवून दाखवलं.

ओतिलियाला पुढचं सांगणं भाग होतं. "तुमच्या काळी पार्टला तारेचे पाय असायचे. आयर्न पायाला लागायचं. याला पाय नाहीत, आयर्न थेट अंगाला लागतं. थंड पेल्यात उकळतं पाणी ओतावं तसं होतं. वरून काही दिसत नाही. आत चीर जाते, आणि दोन महिन्यांनी..."

"माझ्या हातानं झालं." तेओदोराचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाळं?"

"नऊही सुखरूप आहेत."

"आणि मी हात लावलेले बाकीचे?"

"तेच तर. कुठले ते कुठे लिहिलेलं नाही."

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून गेले होते. वरच्या मजल्यावर यारेलीचा कागद टाइप होत होता. तेओदोरा उठली, जाऊन डबा घेऊन आली आणि राखाडी रीळ ओतिलियाच्या हातात दिलं. एवढंसं रीळ, पण हाताला चांगलंच जड लागलं.

"तू नको बोलूस त्यांच्याशी," ती म्हणाली. "तू बोललीस तर चहाडी होईल. मी सांगते." आणि कोटाची सगळी बटणं लावून ती जिना चढू लागली.

७

शुक्रवारी तेओदोरा कारखान्यात आली ती पाहुण्यांचा बिल्ला गळ्यात अडकवून. स्वतःचा बिल्ला तिने काल संध्याकाळी बार्रागानच्या टेबलावर ठेवला होता. शिसं आत आणलं की नोकरी जाते, हा नियम तिला ठाऊक होता, आणि तिने एका शब्दानेही सूट मागितली नव्हती. मागितलं होतं ते एवढंच: यारेलीचा कागद माझ्यासमोर फाडा. बार्रागानने फाडला. फाडताना, म्हणे, त्याने पहिल्यांदाच आवाज केला.

मिनेसोटाची बाई, मिसेस लिंडक्विस्ट, उंच आणि कमी बोलणारी होती. तिने नऊ बोर्ड पाहिले, रीळ पाहिलं, हॉट प्लेटवरचा प्रयोग दोनदा करायला लावला. मग दुभाष्यामार्फत विचारलं, "गोदामात सहाशे आहेत. पेट्यांमध्ये जाण्याआधी आणखी तीनशे परत मागवलेत, ते आज पहाटे आले. इस्पितळांतल्या पेट्या आम्ही काल रात्रीच बंद करायला सांगितल्या. शिसं ओळखणारं यंत्र मंगळवारी येईल. इस्पितळांना आज बोर्ड हवेत. कुठले चांगले, ते आज कोण सांगेल?"

बार्रागानने ओतिलियाकडे पाहिलं. ओतिलिया म्हणाली, "दिव्याखाली धरून मला सांगता येईल. पण दहात एखादा माझ्याकडून सुटेल."

"माझ्याकडून नाही सुटणार," भिंतीशी बसलेली तेओदोरा म्हणाली.

तिला तिचीच खुर्ची दिली आणि दिवाही तिचाच. डावीकडे हिरवा ट्रे, उजवीकडे लाल. राखाडी जॉइंटचे बोर्ड हिरव्यात, आपल्या हातचे लाल ट्रेमध्ये. सुरुवातीला मिसेस लिंडक्विस्ट दोन्ही ट्रेमधून मनाला येईल तो बोर्ड उचलून हॉट प्लेटवर ठेवायची. हिरव्यातला एकही पार्ट हलला नाही, लालमधला एकही टिकला नाही. वीस झाल्यावर तिने तपासणं थांबवलं आणि स्वतःची खुर्ची आणून शेजारी बसली.

बोर्ड आणून द्यायचं काम यारेली करत होती. सकाळपासून ती मादरीनाशी एक शब्दही बोलली नव्हती. राग होताच. चार दिवस जिने तिला चोर ठरवलं जाताना पाहिलं, तिच्याच हातात चोरी होती, आणि तीही तिच्याच भल्यासाठी. अशा माणसावर रागवायचं तरी कसं, हे तिला सुचत नव्हतं. ती ट्रे आणायची, ठेवायची, जायची.

दुपारपर्यंत पाचशे झाले, तीन वाजेपर्यंत आठशे. नाबोर दोन तोर्ते घेऊन आला, गरमागरम, आणि या वेळी बार्रागानसुद्धा पाव कुठे भाजला ते विचारायला विसरला. तेओदोराने खाल्लं नाही. तिचे डोळे लाल झाले होते, पण एकही बोर्ड तिने दोनदा पाहिला नाही.

शेवटच्या ट्रेला यारेली तिथेच थांबली.

"मला शिकवा," ती म्हणाली. "उद्यापासून इथे तुम्ही नसाल."

तेओदोराने मान वर केली नाही. तिने बोर्ड दिव्याखाली तिरका धरला. "हा बघ. राखाडी, दाणे दिसतायत. डोळ्यांना खुपतं, नाही? हा चांगला. हिरव्यात. आणि हा..."

पुढचा बोर्ड तिने जास्त वेळ धरला. चौदा कपॅसिटर, अठ्ठावीस टोकं, आणि प्रत्येक टोकावर सोल्डर अंतर्वक्र उतरलेलं, एकसारखं, कुठे थेंबभर जास्त नाही, कुठे कमी नाही. ओतिलियाही वाकून पाहू लागली. तिला एकोणीस वर्षांत असं काम जमलं नव्हतं आणि पुढेही जमणार नव्हतं. नळीचा दिवा त्या अठ्ठावीस थेंबांत अठ्ठावीस वेळा दिसत होता.

"हा ऑगस्टचा," तेओदोरा म्हणाली. "ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यातला. किती वर्षांनी मला माझं काम नीट दिसलं होतं. हा माझा सगळ्यात चांगला आहे, पोरी."

तिचा हात तसाच हवेत थांबला. यारेलीने लाल ट्रे उचलला आणि दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरला.

"द्या, मादरीना," ती म्हणाली.

तेओदोराने तो ट्रेमध्ये ठेवला.